व्यूहातला माणूस आणि त्याचा धर्म

सैन्य रणांगणावर कसे उभे करावे, हा युद्धशास्त्राचा प्रश्न आहे. त्या रचनेत उभ्या असलेल्या माणसाच्या हातून जी हिंसा घडते तिचा कर्ता कोण, हा धर्माचा प्रश्न आहे. एकटा लढणारा योद्धा आपल्या कृत्याचा धनी असतो. रांगेत ढाल धरून उभा असलेला शिपाई मात्र स्वतःच्या मनाने पुढे जात नाही आणि मनात आले तरी मागे फिरू शकत नाही. त्याच्या पापपुण्याचा हिशेब त्याच्या नावावर मांडायचा, सेनापतीच्या, राजाच्या, की कोणाच्याच नाही? प्राचीन भारत, ग्रीस आणि रोम यांनी आपापल्या पायदळाची रचना करताना या प्रश्नाचे उत्तरही नकळत देऊन ठेवले आहे.

भारतीय परंपरेत हा विचार दिल्लीच्या आसपासच्या भूमीशी जोडलेला आहे. कौरवांचे हस्तिनापूर मेरठ जिल्ह्यात आहे. पांडवांचे इंद्रप्रस्थ दिल्लीतल्या पुराना किल्ल्याच्या जागी होते, असे परंपरा मानते. कुरुक्षेत्र तिथून उत्तरेला सुमारे १६० किलोमीटरवर आहे. युद्ध टाळण्यासाठी पांडवांनी जी पाच गावे मागितली, ती पानिपत, सोनिपत, बागपत, तिलपत आणि इंद्रप्रस्थ होती, असे या भागातली लोकपरंपरा सांगते. उद्योगपर्वातली नावे वेगळी आहेत; तिथे अविस्थल, वृकस्थल, माकंदी, वारणावत आणि पाचवे कोणतेही एक गाव, अशी मागणी आहे. बी. बी. लाल यांनी १९५० ते १९५२ या काळात हस्तिनापूरला उत्खनन केले. तिथे आणि पुढे पुराना किल्ल्यातही चित्रित राखाडी मृद्भांडी सापडली. बागपत जिल्ह्यातल्या सिनौलीला २०१८ मध्ये सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या दफनांत तलवारी, ढाली आणि दोन चाकांची वाहने मिळाली. ती वाहने रथ होती की बैलगाड्या, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. महाभारतात वर्णिलेले युद्ध त्याच रूपात झाले, असे या पुराव्यांवरून सिद्ध होत नाही. महाभारत शतकानुशतके घडत गेलेला ग्रंथ आहे आणि त्यातले युद्धवर्णन इतिहासापेक्षा युद्धाविषयीचा विचार म्हणून अधिक मोलाचे आहे.

महाभारतातील व्यूह आणि पायदळ

आदिपर्वानुसार सैन्याचे सर्वांत लहान एकक म्हणजे पत्ती: एक रथ, एक हत्ती, तीन घोडे आणि पाच पायदळ. याच प्रमाणात वाढत जाऊन एका अक्षौहिणीत २१,८७० रथ, तेवढेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ होते. कौरवांच्या अकरा आणि पांडवांच्या सात अक्षौहिणी धरल्या तर अठरा अक्षौहिणींचे पायदळ १९,६८,३०० भरते. हे आकडे काव्यातले आहेत, पण प्रमाण बोलके आहे. रणांगणावर संख्येने सर्वाधिक असलेला माणूस पायी लढणारा आहे आणि कथेत नाव नसलेला माणूसही तोच आहे.

युद्धात रोज नवा व्यूह रचला जातो. क्रौंच, गरुड, अर्धचंद्र, मकर, श्येन, मंडल, सर्वतोभद्र, शकट ही त्यांतली काही नावे. यामागचे तत्त्व भीष्मपर्वात पहिल्याच दिवशी येते. आपले सैन्य कमी आहे हे पाहून युधिष्ठिर अर्जुनाला बृहस्पतीच्या मताची आठवण देतो: थोड्यांनी दाटीने लढावे, पुष्कळांनी हवे तसे पसरावे. त्यावर अर्जुन वज्रव्यूह रचतो. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायातही हेच तत्त्व आले आहे.

या व्यूहांचा सांगाडा रथींचा असतो. चोचीवर कोण, डोळ्यांच्या जागी कोण, पंखांवर कोण, हे सांगताना कवी नावे घेतो ती रथींचीच. पायदळ त्यांच्या मधली जागा भरते आणि रथाच्या चाकांचे रक्षण करते. व्यूह मोडतो तोही बहुधा एखादा महारथी पडल्यावर. पायदळाची फळी रेटून मागे हटवली म्हणून लढाईचे पारडे फिरले, असे वर्णन फारसे येत नाही.

नियम द्वंद्वाचा, लढाई समूहाची

युद्धाला तोंड लागण्यापूर्वी दोन्ही पक्ष नियम ठरवतात. रथीने रथीशी, घोडेस्वाराने घोडेस्वाराशी, पायदळाने पायदळाशी लढावे. जो रांगेबाहेर पडला, ज्याने शस्त्र टाकले, जो दुसऱ्याशी लढण्यात गुंतला आहे, त्याला मारू नये. सारथी, भारवाहक, शंख आणि दुंदुभी वाजवणारे यांच्यावर प्रहार करू नये.

हे नियम उदात्त आहेत, पण त्यांच्या मुळाशी द्वंद्वयुद्धाची कल्पना आहे. दोघे समोरासमोर, सारख्या शस्त्रांनी आणि एकमेकांना सावध करून लढतील, असे ते गृहीत धरतात. व्यूह रचला जातो तो याच्या नेमक्या उलट हेतूने. शत्रूला एकटे पाडावे, त्याच्या एकेकावर आपले अनेक जण घालावेत, दुर्बळ बाजूवर सबळ तुकडी सोडावी, यासाठीच रचना असते. समबलांच्या लढतीचा नियम आणि विषमता निर्माण करणारी रचना, दोन्ही एकाच दिवशी एकाच मैदानात पाळणे शक्य नव्हते. म्हणून नियमभंग काही व्यक्तींच्या दुष्टपणातूनच झाला असे नाही; व्यूह स्वीकारला तेव्हाच त्याची बीजे पडली होती.

तेराव्या दिवशी हा विरोध उघडा पडतो. कौरवपक्षातल्या संशप्तक योद्ध्यांनी अर्जुनाला दूर नेलेले असते. द्रोण चक्रव्यूह रचतात. अर्जुनाच्या मुलाला, अभिमन्यूला, त्यात शिरण्याची विद्या येते, बाहेर पडण्याची येत नाही, आणि हे तो आधीच सांगतो. तरीही युधिष्ठिर त्याला पुढे पाठवतो. आपण मागोमाग येऊ, असे भीमादी योद्धे त्याला वचन देतात. जयद्रथ त्यांना व्यूहाच्या तोंडाशीच अडवतो आणि व्यूह पुन्हा मिटतो. आत द्रोण, कृप, कर्ण, अश्वत्थामा, बृहद्बल आणि कृतवर्मा असे सहा रथी त्याला घेरतात. त्याचे धनुष्य तोडले जाते, घोडे आणि सारथी मारले जातात. विरथ झालेला अभिमन्यू शेवटी दुःशासनाच्या मुलाच्या गदेने पडतो. चक्रव्यूह जे करण्यासाठी रचला होता तेच त्याने केले. म्हणजे रचनाशास्त्राच्या हिशेबाने ते यश होते. धर्माच्या हिशेबाने महाभारत त्याला अधर्म म्हणते.

यात एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. अनेकांनी एकाला मारले म्हणून अधर्माचा उच्चार होतो, तो मरणारा रथी असेल तेव्हा. भीष्म रोज दहा हजार योद्धे मारण्याची प्रतिज्ञा करतात आणि रथातून सुटलेल्या बाणांनी पायदळ हजारोंनी पडते. ‘पायदळाशी पायदळानेच लढावे’ हा नियम तिथे रोज मोडतो, पण त्याबद्दल कोणी कोणाला जाब विचारत नाही. नियम सर्वांसाठी होते, तक्रार करण्याचा अधिकार मात्र ज्याला नाव होते त्याच्यापुरता राहिला.

ग्रीक फळी आणि रोमन रांगा

ग्रीक नगरराज्यांचे फॅलँक्स वेगळ्या समाजातून आले. हॉप्लाइट हा स्वतःच्या खर्चाने शस्त्रे बाळगणारा नागरिक होता. सुमारे ९० सेंटिमीटर व्यासाची गोल ढाल तो डाव्या हातात अडकवी. तिचा डावीकडचा भाग शेजाऱ्याच्या उघड्या उजव्या बाजूला आडोसा देई. फळी साधारण आठ रांगा खोल असे. इ.स.पू. ४१८ मधल्या मँटिनियाच्या लढाईबद्दल लिहिताना थ्युसिडिडीसने नोंदवले आहे की प्रत्येक जण उजवीकडच्या ढालीत अंग चोरू पाहतो, त्यामुळे सगळी फळीच चालताना उजवीकडे सरकते. भीतीलाही ठरावीक दिशा होती, कारण प्रत्येकाचा जीव शेजाऱ्याच्या हाती होता. इ.स.पू. ३७१ मध्ये लेउक्ट्राला थीब्जच्या एपामिनोंडासने डावी बाजू पन्नास रांगांपर्यंत खोल करून स्पार्टाची उजवी बाजू मोडली. मॅसिडोनियाने पुढे पाच-सहा मीटर लांबीचे सारिसा भाले आणून पहिल्या पाच रांगांची टोके फळीच्या पुढे काढली.

रोमची रचना याहून लवचिक होती. हास्ताती, प्रिंकिपेस आणि त्रिआरी अशा तीन ओळी, त्यांत मॅनिपल नावाच्या तुकड्या आणि तुकड्यांमध्ये मोकळी जागा असे. पहिली ओळ थकली की दुसरी पुढे येई. पॉलिबियसने दोन्ही रचनांची तुलना करताना लिहिले की समोरासमोर, सपाट जमिनीवर एका रोमन सैनिकाला दहा भाल्यांशी सामना द्यावा लागतो, त्यामुळे फॅलँक्सपुढे काहीच टिकत नाही. पण जमीन उंचसखल झाली किंवा फळीत फट पडली की फॅलँक्सचा शिपाई असहाय होतो, आणि रोमन शिपाई मात्र कुठेही, कोणत्याही दिशेला लढू शकतो. इ.स.पू. १९७ मध्ये किनोस्केफालीला आणि इ.स.पू. १६८ मध्ये पिड्नाला हेच दिसले.

या तीन परंपरांतला नैतिक फरक पाहायचा तर रचनेपासून वेगळ्या पडलेल्या माणसाशी प्रत्येक समाज कसा वागला, हे पाहावे. इ.स.पू. ४७९ मध्ये प्लातियाच्या लढाईत स्पार्टाचा अरिस्टोडेमस सर्वांत शौर्याने लढला, असे हिरोडोटसचे मत आहे. थर्मोपिलीच्या लढाईतून जिवंत परतल्याचा कलंक त्याला धुवायचा होता. पण मरणाच्या ओढीने तो रांग सोडून पुढे धावला, म्हणून स्पार्टाने त्याला मान दिला नाही. रोमची परंपरा याहून कठोर आहे. इ.स.पू. ३४० च्या लॅटिन युद्धात कॉन्सल तितुस मॅन्लियसने जागा सोडून लढण्यास मनाई केली होती. त्याच्याच मुलाने शत्रूचे आव्हान स्वीकारून द्वंद्व जिंकले, तेव्हा बापाने त्याला देहदंड दिला, अशी कथा लिव्ही सांगतो. अभिमन्यूने आज्ञा मोडली नव्हती, त्यामुळे त्याची गोष्ट या दोघांसारखी तंतोतंत नाही. तरीही शत्रूच्या व्यूहात एकटा पडून मेलेल्या त्या मुलाला भारतीय परंपरेने वीरांत सर्वांत वरचे स्थान दिले. ग्रीसमध्ये कर्ता ‘शेजारी’ होता, रोममध्ये ‘आज्ञा’, आणि महाभारतात ‘वीर’.

हा फरक मराठी इतिहासातही दिसतो. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊंनी इब्राहिमखान गारद्याच्या सल्ल्याने ‘गोल’ बांधून लढायचे ठरवले. शिस्तबद्ध पायदळ आणि तोफा यांच्या आधाराने सर्वांनी एकत्र सरकायचे, अशी ती योजना होती. मराठी इतिहासलेखनातल्या प्रचलित वर्णनानुसार विठ्ठल शिवदेव विंचूरकर आणि दमाजी गायकवाड यांची घोडदळे इब्राहिमखानाच्या गारदी पायदळाच्या पुढे घुसली, त्यामुळे त्यांच्याच बंदुका-तोफांचा मारा आंधळा झाला आणि गोल फुटला. पराभवाला अन्नटंचाईपासून फसलेल्या राजकारणापर्यंत अनेक कारणे होती. त्या दुपारी मात्र वीराच्या नीतीवर वाढलेल्या सैन्याकडून आज्ञेच्या नीतीची अपेक्षा केली गेली.

कौटिल्याचा हिशेब

अर्थशास्त्राच्या दहाव्या अधिकरणात व्यूहाचा विचार काव्यातून बाहेर पडून मोजमापावर येतो. दंड, भोग, मंडल आणि असंहत असे चार मूळ प्रकार कौटिल्य मानतो. दोन पायी सैनिकांत एक शम, म्हणजे १४ अंगुळे, अंतर असावे; घोड्यांत तीन शम, रथ आणि हत्तींत पाच. एका घोड्यापुढे तीन माणसे, एका रथापुढे किंवा हत्तीपुढे पंधरा. राजाने राखीव सैन्य घेऊन दोनशे धनुष्ये (हे लांबीचे माप) मागे थांबावे आणि राखीव दळाशिवाय लढू नये.

सैन्य सबळ, काळ आणि भूमी अनुकूल असेल तर प्रकाशयुद्ध म्हणजे उघड लढाई, नसेल तर कूटयुद्ध म्हणजे कपटाची लढाई, असे त्याचे मत आहे. द्वंद्वाचा नियम आणि व्यूहाची गरज यांतला विरोध कौटिल्य द्वंद्वाचा नियम सोडून मिटवतो. त्याच्याकडे नैतिक मर्यादा नाहीतच असे मात्र नाही. शत्रूचा तळ किंवा किल्ला घेताना पडलेल्याला, पाठ फिरवलेल्याला, शरण आलेल्याला, शस्त्र टाकलेल्याला आणि न लढणाऱ्याला अभय द्यावे, असे तो तेराव्या अधिकरणात सांगतो. सैन्याच्या मागे शस्त्रक्रियेची साधने आणि औषधे घेतलेले वैद्य असावेत, हीदेखील त्याचीच सूचना. पण या तरतुदी राज्य टिकवण्याच्या धोरणातून येतात.

पायदळाचे स्थान तो आकड्यांनी ठरवतो. शत्रूच्या राजाला मारल्यास एक लाख पण (हे तेव्हाचे नाणे), सेनापती किंवा राजपुत्राला मारल्यास पन्नास हजार, हत्ती किंवा रथ पाडल्यास पाच हजार, घोड्याला हजार, पायदळाच्या नायकाला शंभर, आणि साध्या शिपायाच्या डोक्याला वीस पण. महाभारतात निनावी असलेल्या माणसाला इथे निदान किंमत आहे, पण ती शत्रूने द्यायची आहे. दुसरीकडे, लढाईपूर्वी राजाने सैनिकांना ‘मीही तुमच्यासारखाच वेतनावरचा आहे’ या आशयाचे सांगावे, असेही तो सुचवतो. इथे वीरही कर्ता नाही आणि शेजारीही नाही. कर्ते राज्य आहे. सैनिक वेतन घेतो आणि त्याबरोबर जबाबदारीही राज्याकडे सोपवतो.

व्यूहाबाहेर उभा राहिलेला प्रश्न

भगवद्गीता दोन व्यूहांच्या मधल्या मोकळ्या जागेत सांगितली गेली. तिच्या आरंभी दुर्योधन पांडवांचे व्यूहबद्ध सैन्य पाहून द्रोणांकडे जातो. त्याच सकाळी वज्रव्यूह रचणारा अर्जुन रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये न्यायला सांगतो आणि तिथे त्याची गात्रे गळतात. रांगेत असेपर्यंत जो प्रश्न पडला नाही, तो रांगेतून बाहेर आल्यावर पडला. हा अवकाश सेनानायकाला मिळतो. पत्तीतल्या पायी शिपायाला असे मध्ये जाऊन थांबता येत नाही.

विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीताप्रवचनांत अर्जुनाच्या विषादाचे कठोर निदान केले. अनेकांना फाशी देणारा न्यायाधीश स्वतःचा मुलगा समोर आला की देहदंडाविरुद्ध युक्तिवाद करू लागतो, तसा हा विषाद स्वजनांच्या आसक्तीतून आला आहे, हिंसेच्या तिटकाऱ्यातून नव्हे, असे ते म्हणतात. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी कर्माचे मूल्य कर्त्याच्या बुद्धीवर ठरते, हा सिद्धान्त मांडला. दोन्ही मतांत भर बाह्य कृतीवरून अंतःकरणाकडे सरकतो. व्यूहातल्या माणसाच्या दृष्टीने याचे दोन अर्थ होतात. एक दिलासा देणारा: त्याला जागा निवडता आली नाही तरी वृत्ती निवडता येते. दुसरा धोक्याचा: आपण केवळ निमित्त आहोत, असे मानून तो विचार करणेच सोडू शकतो. गीता अहंकार सोडायला सांगते, पण शेवटी सगळ्याचा विचार करून हवे ते कर, असे म्हणून निर्णय अर्जुनाकडेच सोपवते. म्हणून दुसरा अर्थ तिच्या माथी मारता येत नाही.

पायदळापर्यंत हा विचार पोहोचतो तो स्त्रीपर्वात. धृतराष्ट्र मृतांची संख्या आणि गती विचारतो. युधिष्ठिर १६६ कोटी २० हजार असा, अक्षौहिणींच्या गणिताशी न जुळणारा, अफाट आकडा सांगतो आणि मग गती सांगताना पद, कुळ, पक्ष किंवा व्यूहातले स्थान यांचा उल्लेखही करत नाही. आनंदाने देह ठेवणारे इंद्रलोकी गेले. मरायचेच आहे म्हणून खिन्न मनाने मेलेले गंधर्वांत गेले. याचना करत पाठ फिरवलेले गुह्यकांत गेले. निःशस्त्र होऊन, शत्रूंनी पिडले असतानाही लाजेखातर ज्यांनी तोंड फिरवले नाही, ते ब्रह्मसदनी गेले. पळणाऱ्यांनाही इथे नरक नाही, आणि सर्वोच्च स्थान मिळते ते हातात काहीच न उरलेल्यांना. त्यानंतर ज्यांचे कोणी नाही अशा, नाना देशांतून आलेल्या हजारो मृतांना एकत्र अग्नी देण्याची व्यवस्था युधिष्ठिर विदुरादींकडून करवतो. युद्धभर निनावी राहिलेल्या माणसाची नैतिक दखल ग्रंथ अशी अखेरीस घेतो.

अशोकाची मोजणी

भारतीय परंपरेतले तिसरे उत्तर अशोकाने दगडावर कोरले आहे, आणि त्याचे काही लेख दिल्लीत आहेत. फिरोजशहा तुघलकाने चौदाव्या शतकात टोपरा आणि मेरठ इथून अशोकाचे दोन स्तंभ दिल्लीला आणले. टोपऱ्याचा स्तंभ फिरोजशहा कोटल्यावर आहे, मेरठचा उत्तर दिल्लीच्या टेकडीवर. १८३७ मध्ये ब्राह्मी लिपी उलगडणाऱ्या जेम्स प्रिन्सेपने हे स्तंभलेखही वाचले. १९६६ मध्ये दक्षिण दिल्लीत बहापूरला अशोकाचा लघुशिलालेखही सापडला.

कलिंगयुद्धाचा उल्लेख दिल्लीत नाही. तो इतरत्र कोरलेल्या तेराव्या शिलालेखात आहे. दीड लाख लोक पकडून नेले, एक लाख मारले गेले आणि त्याच्या कितीतरी पट मेले, असे तो सांगतो. पुढे तो अशा लोकांना मोजतो जे कोणत्याच व्यूहात नव्हते: ब्राह्मण, श्रमण, गृहस्थ, आणि ज्यांचे आप्त-मित्र गेले म्हणून ज्यांना दुःख झाले असे सर्व. महाभारताने मेलेल्यांची गती विचारली, कौटिल्याने मारण्याचे मोल ठरवले. अशोकाने मागे राहिलेल्यांचे दुःख हिशेबात घेतले. आणि हा हिशेब त्याने सैनिकांच्या नावावर न घालता स्वतःच्या नावावर घातला.

टोपरा स्तंभावरचा सातवा लेख दुसऱ्या कोणत्याही स्तंभावर नाही. त्यात अशोक म्हणतो की लोकांत धर्म दोन मार्गांनी वाढला, नियमांनी आणि मननाने. नियमांचा परिणाम थोडा, मननाचा अधिक. तिथे संदर्भ प्राण्यांच्या हिंसेचा आहे, पण निष्कर्ष युद्धनियमांनाही लागू पडतो. कुरुक्षेत्रावर नियम सर्वांनी मान्य केले होते, तरी रचनेचा दाब वाढताच ते एकेक करून मोडले.

या सर्व मतांतून एक मर्यादित पण ठाम उत्तर निघते. व्यूह माणसाची हालचाल ताब्यात घेतो, म्हणून कृत्याची जबाबदारी रचना करणाऱ्याकडे अधिक जाते. इथे अशोकाचा हिशेब कौटिल्याच्या हिशेबापेक्षा खरा आहे. पण व्यूह माणसाची वृत्ती ताब्यात घेऊ शकत नाही, म्हणून रांगेतल्या शेवटच्या शिपायाकडेही काही जबाबदारी उरते. इथे स्त्रीपर्वाचा निवाडा टिकतो. आणि केवळ वीरांसाठी शोक करणारा युद्धधर्म अपुरा आहे, कारण नियम मोडल्याची पहिली किंमत नेहमी पायी लढणाऱ्याने मोजलेली असते.